वजन कळले, जाडीचे काय?

मंगळाचे कवच सरासरी किती जाड आहे? २००० साली मार्स ग्लोबल सर्व्हेअर यानाने मोजलेल्या गुरुत्वावरून आणि उंचसखलपणावरून निघालेले उत्तर होते सुमारे ५० किलोमीटर. २००४ मध्ये सुधारित नकाशा आला, त्यात ४५. २०२१ मध्ये इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने मंगळाच्या पोटातले पहिले भरवशाचे पुरावे दिले, आणि त्यानंतर छापून आलेले उत्तर होते २४ ते ७२ किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी. २०२३ मध्ये ते आवळून ४२ ते ५६ वर आले. साधने सुधारली तसे नेमके उत्तर मोघम झाले आणि मग पुन्हा जरा नेमके झाले, असा हा प्रकार वरवर पाहता गमतीचा वाटतो. त्यात शास्त्रज्ञांची फजिती शोधण्याचे कारण नाही. पहिल्या दोन आकड्यांत एक गृहीतक मुकाट्याने बसलेले होते आणि तिसऱ्याने ते चव्हाट्यावर आणले, एवढेच. खडकाळ ग्रहांच्या कवचाबद्दल गुरुत्वमापनातून आजवर काय कळले याचा आढावा घ्यायचा, तर त्या गृहीतकाच्या मागे मागेच जावे लागते.

कवचाची एवढी उठाठेव कशासाठी, हेही सांगायला हवे. पृथ्वी, चंद्र, मंगळ, बुध, शुक्र या सगळ्यांची घडण ढोबळमानाने सारखी आहे. मध्ये लोहाचा गाभा, त्यावर जड खडकाचे प्रावरण आणि सर्वांत वर हलक्या खडकाचे कवच. कवच हा आतून वितळून वर आलेला माल असतो. तो किती आहे हे कळले, की ग्रह किती वितळला होता, किती लवकर थंड झाला, उष्णता देणारी युरेनियम-थोरियमसारखी मूलद्रव्ये किती वर आली आणि किती खाली राहिली, हे सगळे हिशेब मांडता येतात. खणून पाहण्याचा मार्ग बंद आहे. पृथ्वीवर माणसाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे, १२ किलोमीटरांहून थोडे अधिक. चंद्रावर अपोलो १७ च्या अंतराळवीरांची मजल जेमतेम तीन मीटरपर्यंत गेली. तेव्हा बाहेरूनच चाचपायचे, आणि बाहेरून सगळा ग्रह चाचपता येईल असे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे गुरुत्व.

यान ग्रहाभोवती फिरत असते. खाली जास्त वस्तुमान असेल तिथे त्याला थोडा जास्त ओढा बसतो आणि ते किंचित वेग घेते, कमी असेल तिथे मंदावते. यानाकडून येणाऱ्या रेडिओ लहरींची वारंवारता त्या वेगाप्रमाणे बदलते. हा डॉप्लर परिणाम पृथ्वीवरच्या मोठ्या अँटेना सेकंदाला मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजू शकतात. यानावर गुरुत्वासाठी वेगळे उपकरण असण्याचीही गरज नाही, यानच उपकरण होते. मोजमापाचे एकक गॅल, गॅलिलिओच्या नावावरून. एक गॅल म्हणजे दर सेकंदाला एक सेंटिमीटर प्रतिसेकंद इतके त्वरण. पृथ्वीचे गुरुत्व सुमारे ९८० गॅल असते आणि कवचाच्या अभ्यासात महत्त्वाचे फरक मिलिगॅलमध्ये, म्हणजे त्याच्या साधारण दहा लाखाव्या हिश्शाच्या पटींत येतात.

अडचण सिद्धान्तातच आहे. बंद पोते काट्यावर ठेवले तर वजन कळते, आत बाजरी किती आणि खडे किती ते कळत नाही. गुरुत्वाचेही तसेच आहे. एकच गुरुत्व-नकाशा आतल्या अगणित मांडण्यांतून निघू शकतो. उथळ आणि पसरट जड थर असो की खोलवरचा आटोपशीर जड गोळा, वरच्या यानाला दोन्ही सारखेच भासू शकतात. कवच जाड पण प्रावरणापेक्षा थोडेच हलके असेल, किंवा पातळ पण बरेच हलके असेल, तरी वजनाचा हिशेब जुळतो. ही उणीव उपकरणे सुधारून भरून निघणारी नाही. म्हणून या क्षेत्राचा खरा इतिहास गुरुत्वाला जोडीदार शोधण्याचा आहे. उंचीचा नकाशा, खडकाचा नमुना, भूकंपाची लहर, यांपैकी काहीतरी सोबतीला लागतेच.

ही अडचण पहिल्यांदा नीट अंगावर आली ती भारतात. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नेतृत्वाखालच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात कलियाना आणि कल्याणपूर या दोन ठाण्यांमधले अंतर दोन तऱ्हांनी काढले गेले. कलियाना उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरजवळ, हिमालयाच्या बाजूला, तर कल्याणपूर मध्य भारतात सिरोंजजवळ. एकदा जमिनीवर त्रिकोण मोजत जाऊन आणि एकदा ताऱ्यांवरून अक्षांश काढून हे अंतर काढले, तर दोन्ही उत्तरांत ५.२३६ विकला इतका फरक पडला. जमिनीवर तो साधारण १६० मीटर भरतो. सुमारे सहाशे किलोमीटरांत १६० मीटर म्हणजे फार नव्हे, पण या सर्वेक्षणाच्या काटेकोरपणाला न शोभणारा. 

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांना संशय आला तो ओळंब्याचा. ताऱ्यांवरून अक्षांश काढताना खालची दिशा ओळंबा ठरवतो, आणि हिमालयाएवढा डोंगर शेजारी असेल तर ओळंबा त्याच्याकडे किंचित झुकणारच. प्रॅट यांनी हिमालय आणि तिबेटच्या पठाराचे वस्तुमान तुकड्या-तुकड्याने मोजून हिशेब केला. कलियानाला ओळंबा २७.८५३ विकला झुकायला हवा होता, कल्याणपूरला ११.९६८. दोन्हींतला फरक १५.८८५. प्रत्यक्षात दिसला होता ५.२३६, म्हणजे तिसरा हिस्सा. हिमालय दिसतो तेवढा ओढत नव्हता! असाच अनुभव १७३८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगेर यांना अँडीज पर्वतात चिंबोराझोच्या उतारावर आला होता, पण त्यामागचे कारण शोधण्याइतके आकडे तेव्हा हाताशी नव्हते.

१८५५ मध्ये प्रॅट यांचा निबंध रॉयल सोसायटीने छापला आणि पाठोपाठ राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी खुलासा मांडला. पर्वताचे कवच खाली जड द्रवात मुळासारखे उतरलेले असते. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकी जो जास्त वर दिसतो तो खालीही जास्त बुडालेला असतो, हे उदाहरण एअरींचेच. हलके मूळ वरच्या डोंगराच्या ओढीला बरेचसे खोडून काढते. १८५९ मध्ये प्रॅट यांनी निराळा पर्याय दिला. खालची पातळी सगळीकडे एकच, फक्त उंच भागाखालचा खडक जास्त हलका. पुढे अमेरिकन भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी या तोलाला जे नाव दिले त्याला मराठीत समस्थायित्व म्हणतात. नाव राहू द्या बाजूला. एअरींच्या मते बदलते ती जाडी, प्रॅट यांच्या मते बदलते ती घनता, आणि एकट्या गुरुत्वाला या दोघांत निवाडा करता येत नाही, ही इथली मुद्द्याची गोष्ट. मंगळावरच्या २४ ते ७२ च्या घोळाचे मूळ या वादात आहे.

पृथ्वीवर भूकंपशास्त्र जन्माला आले आणि निवाडा बहुतांशी एअरींच्या बाजूने लागला. हिमालय-तिबेटखाली कवच ७० किलोमीटरच्या घरात जाते. इतर ग्रहांवर मात्र बराच काळ साक्षीदारच नव्हता.

चंद्राची सुरुवात योगायोगाने झाली. अपोलोच्या उतरण्याच्या जागा शोधण्यासाठी नासाने १९६६-६७ मध्ये पाच लुनर ऑर्बिटर याने पाठवली. त्यांच्या कक्षा हिशेबाप्रमाणे चालेनात. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या पॉल मुलर आणि विल्यम स्योग्रेन यांनी पाचव्या यानाचे डॉप्लर आकडे उकलले, तेव्हा गोलाकार मोठ्या सागरांवर, म्हणजे इम्ब्रियम, सेरेनिटाटिस, क्रिसियम, नेक्टारिस, ह्युमोरमवर, यानाला जास्तीचा ओढा बसत असल्याचे दिसले. १९६८ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि या जड डागांचे नाव मास्कॉन पडले. बुचकळ्यात पाडणारी गोष्ट अशी, की हे सागर म्हणजे खड्डे. खड्ड्यावर गुरुत्व कमी भरावे, इथे ते शेकडो मिलिगॅल जास्त. मास्कॉनचा उपद्रवही कमी नव्हता. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ ने चंद्राभोवती सोडलेला छोटा उपग्रह या ओढाताणीत ३५ दिवसांत चंद्रावर जाऊन आपटला.

खुलासा अर्धा लगेच सुचला. खड्ड्यात नंतर भरलेला बेसाल्ट जड असतो. पण काही किलोमीटर बेसाल्टने एवढा फरक पडत नाही. आघाताने कवच उडून गेल्यावर खालचे जड प्रावरण वर उचलले गेले असले पाहिजे, आणि तेही तोल साधेल त्याहून जास्त. ते तसे का व्हावे आणि तीन-चार अब्ज वर्षे तसेच का टिकावे, याचे समाधानकारक उत्तर २०१३ पर्यंत आले नाही.

अपोलो १७ बरोबर, १९७२ मध्ये, चंद्राच्या गाडीवर एक गुरुत्वमापक गेला होता. त्या प्रयोगाचे प्रमुख होते पतियाळात जन्मलेले भूभौतिकशास्त्रज्ञ माणिक तलवानी. अंतराळवीरांनी टॉरस-लिट्रो खोऱ्यात ठिकठिकाणी थांबून नोंदी घेतल्या आणि त्यांवरून खोऱ्याच्या तळाशी बेसाल्ट सुमारे एक किलोमीटर जाड असल्याचे निघाले. बाहेरून मोजणे आणि जमिनीवर उभे राहून मोजणे यांत केवढे अंतर आहे ते इथे कळते. त्याच मोहिमेतला दुसरा, जागेवर स्थिर ठेवायचा गुरुत्वमापक मात्र फसला. चंद्राच्या कमी गुरुत्वासाठी त्याच्या दांडीच्या तोलाचा हिशेब आधीच चुकला होता आणि तिथे पोचल्यावर ती तोलातच येईना. गुरुत्व मोजणारे यंत्र गुरुत्वाच्याच हिशेबात चुकावे, हा विनोद भूभौतिकीच्या वर्गात आजही चालतो.

चंद्राच्या बाबतीत मोठी अडचण पलीकडच्या बाजूची होती. यान मागे गेले की पृथ्वीशी संपर्क तुटतो आणि डॉप्लर मिळत नाही. म्हणजे अर्ध्या चंद्राचे गुरुत्व केवळ कक्षेत राहिलेल्या परिणामांवरून अंदाजायचे. १९९४ मध्ये क्लेमेंटाइन यानाने लेसरने उंची मोजून पहिल्यांदा जवळजवळ सगळ्या चंद्राचा उंचीचा नकाशा दिला. त्यामुळे गुरुत्वाला जोडीदार मिळाला, पण मागची बाजू अंधुकच राहिली. जपानच्या कागुया यानाने २००७ ते २००९ मध्ये युक्ती केली. सोबत ओकिना नावाचा एक दुवा-उपग्रह ठेवला, जो मागे गेलेल्या यानाची लहर पृथ्वीकडे वळवायचा. तेव्हा कळले, की मागच्या बाजूची कित्येक मोठी विवरे अलीकडच्या मास्कॉनांसारखी वागत नाहीत. बहुधा तिथले कवच त्या काळी जास्त थंड आणि ताठ होते.

यानंतरचा टप्पा ग्रेल मोहिमेचा. या आढाव्यात सर्वांत जास्त जागा तिला द्यायला हवी. एमआयटीच्या मारिया झुबर यांच्या नेतृत्वाखाली १० सप्टेंबर २०११ रोजी दोन सारखी याने निघाली. मोंटानातल्या बोझमन गावच्या शाळकरी मुलांनी त्यांची नावे ठेवली एब आणि फ्लो, म्हणजे ओहोटी आणि भरती. दोन्ही याने एकाच कक्षेत, एकामागे एक, साधारण पावणेदोनशे ते सव्वादोनशे किलोमीटर अंतर राखून फिरत. पुढचे यान जड भागाच्या जवळ आले की ते थोडे पुढे ओढले जाई आणि अंतर वाढे, मग मागचे ओढले जाई आणि अंतर कमी होई. हा फरक दोन यानांमधल्या रेडिओ दुव्यानेच मोजला जाई, सेकंदाला मायक्रॉनच्या अंशापर्यंत. पृथ्वीकडे पाहण्याची गरज उरली नाही, त्यामुळे मागची बाजूही पुढच्या इतकीच स्पष्ट झाली.

उंचीचाही प्रश्न होता. कक्षा जितकी उंच तितका बारीक तपशील पुसला जातो. जमिनीवर जितक्या लांबीचा बदल पाहायचा तितक्याच उंचीवर यान असेल, तर त्या बदलाची खूण साधारण पाचशेव्या हिश्शावर येते. म्हणून ग्रेल पहिल्या टप्प्यात ५५ किलोमीटरवर, दुसऱ्यात सरासरी २३ वर आणि शेवटच्या दिवसांत ११ किलोमीटरवर उतरवले गेले. हवा नसलेल्या चंद्रावरच हे धाडस परवडते. १७ डिसेंबर २०१२ ला इंधन संपत आल्यावर दोन्ही याने उत्तर ध्रुवाजवळच्या एका डोंगरावर आपटवून मोहीम संपवली.

निकाल काय? चंद्राच्या गुरुत्वातल्या बारीक तपशिलापैकी सुमारे ९८ टक्के भाग नुसत्या डोंगरदऱ्यांवरूनच समजावता येतो, हे पहिले. ही बातमी कंटाळवाणी वाटेल, पण तिच्यामुळे एक जुनी युक्ती सगळ्या चंद्रावर लावता आली. तेलशोधाच्या कामासाठी नेटलटन या भूभौतिकतज्ज्ञाने १९३९ मध्ये ती सुचवली होती. डोंगराच्या खडकाला एक घनता धरायची, त्या घनतेने डोंगराची ओढ काढायची आणि मोजलेल्या गुरुत्वातून वजा करायची. घनता कमी धरली तर उरलेल्या नकाशात डोंगराचा आकार उंचवट्यासारखा शिल्लक राहतो, जास्त धरली तर तोच आकार उलटा, खड्ड्यासारखा उमटतो. ज्या घनतेला डोंगर नकाशातून नाहीसा होतो ती त्याची खरी घनता. नमुना उचलून न आणता खडकाची घनता कळते ती अशी.

चंद्राच्या उंच प्रदेशांवर ही युक्ती लावल्यावर घनमीटरला २,५५० किलोग्रॅम हा आकडा आला. आणलेल्या नमुन्यांवरून आधी २,८०० ते २,९०० धरत असत. खडकाचे कण तेवढेच जड आहेत. मग उरलेला फरक पोकळीचा. कवचाच्या वरच्या काही किलोमीटरांत सरासरी १२ टक्के जागा रिकामी आहे, कुठे ४ टक्के तर कुठे २१. अब्जावधी वर्षे आघात खाऊन ते भेगाळलेले आहे. कवच हलके निघाल्यामुळे जाडीही खाली आली, सरासरी ३४ ते ४३ किलोमीटर. आणि कवच पातळ ठरल्यामुळे चंद्रात ॲल्युमिनियमसारखी उच्च तापमानाला घट्ट होणारी मूलद्रव्ये पृथ्वीपेक्षा जास्त असायला हवीत ही सक्तीही गेली. चंद्र पृथ्वीवरच्या आघातातून जन्मला असे मानणाऱ्यांना याने हायसे वाटले.

पण ३४ ते ४३ हे दोन टोकांचे आकडे आले कुठून? इथे गृहीतक पुन्हा डोके वर काढते. अपोलोच्या भूकंपमापकांनी त्या जागांखाली कवच किती जाड सांगितले, यावर गुरुत्वाचा नकाशा टेकवावा लागतो. १९७० च्या दशकात तो आकडा ६० किलोमीटरच्या आसपास होता. जुन्याच नोंदी नव्याने तपासल्यावर एका गटाने ३८ सांगितले, दुसऱ्याने ३०. तीस धरले तर सगळ्या चंद्राची सरासरी ३४ येते, अडतीस धरले तर ४३. ग्रेलने गुरुत्व कितीही बारकाईने मोजले असले, तरी अंतिम आकड्यातली ढिलाई अपोलोच्या काळातल्या, चंद्राच्या एकाच बाजूला बसवलेल्या चार भूकंपमापकांची आहे. चांद्रयान-३ च्या विक्रमवर इल्सा नावाचा भूकंपमापक होता आणि त्याने २०२३ मध्ये दक्षिणेकडच्या उंच प्रदेशात नोंदी घेतल्या, पण तो एकच चांद्रदिवस चालला. कवचाची जाडी ठरवायला वर्षानुवर्षे ऐकत बसणारे जाळे लागते.

मास्कॉनचे कोडे ग्रेलच्याच आकड्यांवर सुटले. जे मेलॉश आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की आघातानंतर वितळलेला मधला भाग आणि भोवतीचे जाड झालेले कडे एकत्रच वर उचलले जातात. मग थंड होताना मधला भाग आकसून आणखी जड होतो, आणि ताठ कवच त्याला परत खाली बसू देत नाही. बेसाल्ट नंतर भरला तर भर पडते, न भरला तरी मास्कॉन तयार होतो. क्रिसियम आणि मागच्या बाजूचे मॉस्कोव्हिएन्स इथे कवच जवळजवळ शून्यावर येते असे ग्रेलचे गणित सांगते. मॉस्कोव्हिएन्सच्या आतल्या कड्यावर चांद्रयान-१ वरच्या अमेरिकन वर्णपटमापकाने ऑलिव्हिन, पायरॉक्सिन आणि मॅग्नेशियमयुक्त स्पिनेल असे खोलातले खडक आधीच पाहिले होते. गुरुत्व म्हणते इथे खूप खोलवर खणले गेले, खनिजे तेच म्हणतात. मला स्वतःला ग्रेलच्या सगळ्या निकालांत ही जुळणी सर्वांत पटणारी वाटते, कारण दोन्ही पुरावे एकमेकांच्या भरवशावर उभे नाहीत.

आणखी एक शोध अनपेक्षित होता. डोंगरदऱ्यांचा भाग वजा केल्यावर उरलेल्या नकाशात शेकडो किलोमीटर लांबीच्या सरळ रेषा दिसल्या. लाव्हा पृष्ठावर न येता भेगांत थिजून झालेल्या या भित्ती आहेत. धुळे-नंदुरबारकडे फिरलेल्याने अशा काळ्या भित्ती उघड्यावर उभ्या पाहिल्या असतील. चंद्राच्या भित्ती गाडलेल्या आहेत आणि फार जुन्या. चंद्र आपल्या बालपणी थोडा फुगला असावा, असे त्यांवरून अनुमान निघाले.

दख्खनचा विषय निघालाच आहे तर पृथ्वीवरचा एक दाखला जवळचा आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्टने झाकलेला असल्याने खाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून गुरुत्वमापन इथेही उपयोगी पडले. मुंबई परिसरात गुरुत्व अपेक्षेपेक्षा जास्त भरते. १९६६ मध्ये त्याचा अर्थ लावताना खाली जड अग्निजन्य खडकाचा मोठा अंतर्वेध असल्याचे सुचवले गेले. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी पाडलेल्या खोल छिद्रांनी बेसाल्ट प्रत्यक्ष भेदला आणि तिथे त्याची जाडी नऊशे मीटरांच्या आसपास निघाली. छिद्र पाडता येते तिथे वाद लवकर मिटतो.

मंगळावर छिद्र नाही. व्हायकिंग मोहिमेने १९७६ मध्ये दोन भूकंपमापक पाठवले होते. एकाचे कुलूपच उघडले नाही, दुसरा यानाच्या माथ्यावर बसवलेला असल्यामुळे मुख्यतः वारा ऐकत राहिला. त्यामुळे चार दशके मंगळाचे कवच हे गुरुत्व आणि लेसर-उंची या दोघांच्याच भरवशावर राहिले. त्यांनी दिलेले चित्र उपयोगी होते. उत्तरेचे सखल मैदान पातळ कवचाचे, दक्षिणेचा उंच प्रदेश जाड कवचाचा, ईसिडिस आणि हेलास या प्रचंड विवरांखाली कवच जवळपास झिजलेले. पण हे सापेक्ष चित्र आहे. सगळीकडे २० किलोमीटर वाढवले तरी नकाशा तसाच दिसतो, फक्त बाजूच्या पट्टीवरचे आकडे बदलतात. २००४ च्या गणितात कवचाची घनता २,९०० धरली होती आणि सर्वांत पातळ जागीही थोडे कवच उरावे एवढी सरासरी निवडली होती. ४५ हा आकडा असा आला होता. तो चुकीचा नव्हता, तो सशर्त होता, आणि पाठ्यपुस्तकांत जाताना अट गळून पडली.

जमिनीवरून गुरुत्व मोजण्याची संधी मंगळावर अनपेक्षितपणे मिळाली. क्युरिऑसिटी गाडीवर दिशा आणि झुकाव कळण्यासाठी त्वरणमापक आहेत, आपल्या फोनमध्ये असतात त्याच जातीचे. गेल विवरातल्या साडेपाच किलोमीटर उंच माउंट शार्पच्या पायथ्यापासून चढताना गाडी थांबली असतानाच्या सातशेहून अधिक नोंदी एका गटाने गोळा केल्या, तापमानाचा आणि झुकावाचा परिणाम काढून टाकला आणि २०१९ मध्ये निकाल दिला, की पायाखालच्या खडकाची घनता घनमीटरला सुमारे १,६८० किलोग्रॅम. एवढा हलका खडक कधीकाळी कित्येक किलोमीटर ओझ्याखाली दबलेला असणे कठीण. म्हणजे आजचा डोंगर कधीतरी काठोकाठ भरलेल्या विवराचा कोरून उरलेला भाग असावा, ही कल्पना अडचणीत आली. त्या गाडीवर या कामासाठी एक पैसाही खर्च झालेला नव्हता.

इनसाइट २६ नोव्हेंबर २०१८ ला एलिसियम मैदानात उतरले. त्याच्या फ्रेंच भूकंपमापकाने पायाखालचे कवच दोन शक्यतांत सांगितले. थर दोन मानले तर सुमारे २० किलोमीटर, तीन मानले तर सुमारे ३९. ही एक जागा गुरुत्वाच्या नकाशाला टेकू म्हणून लावली, घनतेला मात्र मोकळे सोडले, आणि २४ ते ७२ ही कक्षा निघाली. तिच्यासोबत एक घट्ट बंधनही आले. कवचाची घनता ३,१०० च्या वर असू शकत नाही. मग ४ मे २०२२ ला मंगळाने ४.७ प्रतीचा भूकंप दिला, आजवर तिथे नोंदवलेला सर्वांत मोठा. त्याच्या पृष्ठलहरी ग्रहाभोवती फिरून आल्या आणि वाटेतल्या प्रदेशाच्या कवचाची खबर घेऊन आल्या. उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडच्या कवचाची घनता सारखीच भरली. फरक जाडीचाच होता. एअरी विरुद्ध प्रॅट या खटल्यात मंगळावरही निकाल एअरींच्या बाजूने लागला, आणि सरासरी ४२ ते ५६ वर आली. डिसेंबर २०२२ मध्ये सौरपट्ट्यांवर धूळ साचून इनसाइट बंद पडले.

शुक्राबद्दल थोडक्यात आटोपावे लागते. तिथले गुरुत्व १९९० ते ९४ या काळात मॅगेलन यानाने मोजले. शेवटी कक्षा वर्तुळाकार करून नोंदी सुधारल्या, पण तपशील जाडाभरडाच राहिला. शुक्रावर गुरुत्व आणि उंची फार मोठ्या पल्ल्यावरही एकमेकांशी जुळतात. त्यामुळे बीटा, ॲटला यांसारखे उंचवटे कवचाच्या मुळावर नव्हे, तर प्रावरणातून वर येणाऱ्या उष्ण प्रवाहाच्या बळावर उभे आहेत असे मानले जाते. कवचाची जाडी बहुतेक गणितांत २५ किलोमीटरच्या आत येते, तीही घनता धरून. साडेचारशे अंशांहून अधिक तापमानात कोणतेही यान दोन तासांहून फारसे टिकलेले नाही, तेव्हा भूकंपमापकाची साक्ष एवढ्यात मिळणार नाही.

लघुग्रहांत डॉन यानाने व्हेस्टा आणि सेरेस दोन्ही पाहिले. सेरेसच्या कवचाची घनता गुरुत्व आणि आकारावरून १,२८७ निघाली, खडकाला न शोभणारी. ते बर्फ, क्षार आणि मातीचे मिश्रण असावे असे आता धरतात. खडकाळ समजलेला गोल तसा निघेलच असे नाही.

राहिला बुध. मेसेंजर यान मार्च २०११ ते एप्रिल २०१५ त्याच्याभोवती होते, पण त्याची कक्षा लंबगोल होती. उत्तरेला ते दोनशे किलोमीटरपर्यंत यायचे, दक्षिणेला सुरुवातीला पंधरा हजार किलोमीटरांवर जायचे. म्हणून बुधाच्या गुरुत्वाचे चांगले चित्र अर्धेच आहे. या अर्ध्या चित्रावरून २०१५ मध्ये कवचाची सरासरी जाडी ३५ किलोमीटर निघाली, चूक १८ ची. २०१८ मध्ये दुसऱ्याने २६ सांगितली, चूक ११ ची. दोघांचे गुरुत्व तेच, उंची तीच. फरक प्रामुख्याने तोल म्हणजे काय या व्याख्येत होता. सगळ्या खांबांत वस्तुमान सारखे धरायचे, की तळाशी दाब सारखा धरायचा? सपाट पृथ्वीच्या गणितात दोन्ही एकच. बुधासारख्या छोट्या गोलावर खांब खाली निमुळते होत जातात आणि दोन व्याख्या वेगळी उत्तरे देतात. दाब सारखा धरणे भौतिकदृष्ट्या जास्त बरोबर आहे, असे माझे मत झाले आहे. १८५५ च्या कल्पनेची व्याख्या पक्की करण्याचे काम अजून चालू होते, हे मात्र नवलाचे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. कवचाच्या जाडीचा रंगीत नकाशा कुठे दिसला तर रंगांआधी त्याखालची बारीक अक्षरे वाचा. घनता किती धरली आणि जाडी कोणत्या जागी टेकवली, या दोन गोष्टी तिथे असतील तर नकाशा कामाचा. नसतील तर तो भिंतीवर लावायला ठीक. बुधापुरता पुढचा आकडा फार लांब नाही. युरोप आणि जपानचे बेपीकोलंबो यान ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे नोव्हेंबर २०२६ मध्ये बुधाच्या कक्षेत शिरते आहे. त्याच्यावर लेसर-उंचीमापक आणि अचूक रेडिओ प्रयोग दोन्ही आहेत, आणि त्याची कक्षा ध्रुवावरून जाणारी, ४८० ते १,५०० किलोमीटर उंचीची आहे. बुधाच्या दक्षिण गोलार्धाचे गुरुत्व त्यातून पहिल्यांदाच जवळून मोजले जाईल.